पुनर्विकासाच्या नकाशात राहणाऱ्यांच्या मनाचाही विचार व्हावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे या शहरांत जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात सुरू आहे. सोसायट्यांच्या सभांत कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, किती वाढून मिळणार, कॉर्पस, म्हणजे विकासकाकडून मिळणारी ठोक रक्कम, किती, भाडे किती महिन्यांचे आणि पार्किंग कुणाच्या वाट्याला, यांवर तासन्‌तास खल होतो आणि तो व्हायलाच हवा, कारण त्यात लोकांची आयुष्यभराची पुंजी गुंतलेली असते. परंतु त्या वाढीव जागेत राहणाऱ्यांना झोप नीट लागेल का, मुलांचे अभ्यासात लक्ष लागेल का, दिवसभर घरात असणाऱ्या आजी-आजोबांना उदास वाटेल की बरे वाटेल, हे प्रश्न तिथे सहसा कुणी काढत नाही. घरांच्या अंतर्गत रचनेचे काम मी बरीच वर्षे करते आहे. या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी खिडक्यांच्या जागेवर, विजेच्या पॉइंटांवर आणि सामानाच्या मांडणीवर ठरतात, असे माझे ठाम मत झाले आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

काम सुरू होताना बहुतेक कुटुंबे पहिल्यांदा रंगाविषयी विचारतात. मन प्रसन्न ठेवणारा रंग कोणता, याची तयार कोष्टके आता सगळीकडे मिळतात. त्यांवर फार विसंबू नये. १९७९ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवली गेली आणि त्या रंगाने कैदी शांत होतात असा बोलबाला झाला. पुढे अनेक तुरुंगांनी तो रंग उचलला, पण नंतरच्या अधिक काटेकोर चाचण्यांत तसा परिणाम आढळला नाही. रंग आवडीचा असावा, डोळ्यांना खुपू नये आणि खोलीत उजेड कमी असेल तर फिका असावा, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

प्रकाशाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपल्या डोळ्यांच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की ज्यांचे मुख्य काम दृश्य दाखवणे हे नसून, दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणे हे असते. २००२ च्या सुमारास झालेल्या संशोधनातून त्या प्रकाशात आल्या. निळसर उजेडाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि तसा उजेड रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर राहिला तर झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवू लागते. आता आपली घरे पाहा. दिवसा खिडक्यांवर जाड पडदे आणि रात्री हॉलच्या छतातून ६५०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या छटेचे माप; आकडा मोठा तितका उजेड निळसर) पांढरेफटक दिवे, तेही सगळे एकाच बटणावर. त्या उजेडात अकरापर्यंत बसलेल्या मुलाला साडेअकराला झोप येत नाही आणि सकाळी तो चिडचिड करत उठतो, याला केवळ मोबाइलच जबाबदार आहे असे मला वाटत नाही. वायरमन भिंती फोडायला येईल तेव्हाच हॉलसाठी दोन स्वतंत्र सर्किटे ओढून घ्यावीत आणि त्यातल्या एकावर २७०० ते ३००० केल्विनचे पिवळसर दिवे डोळ्यांच्या पातळीखाली लावावेत. याचा खर्च फॉल्स सीलिंगच्या खर्चापुढे अगदी किरकोळ असतो.

त्या फॉल्स सीलिंगविषयीही थोडे लिहिले पाहिजे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट असावी लागते. बिल्डर तेवढीच देतो आणि आपण हौसेने त्यातली सहा ते नऊ इंच प्लास्टर ऑफ पॅरिसच्या नक्षीत घालवतो. पंखा खाली येतो, खोली कोंदट वाटू लागते आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तर बरोबर डोळ्यांवर स्पॉटलाइट येतो. फिनलंडमधील पाइमिओ येथे १९३३ मध्ये सुरू झालेले क्षयरोग्यांचे आरोग्यधाम आल्वार आल्टो या वास्तुरचनाकाराने बांधले, तेव्हा रुग्ण दिवसभर पडून असतो, त्याची दृष्टी छताकडेच असते, हे ध्यानात घेऊन त्याने खोल्यांची छते शांत हिरव्या रंगाची केली आणि दिवे डोळ्यांवर येणार नाहीत असे बसवले. आडव्या माणसाच्या नजरेने खोली पाहण्याची ही सवय आपल्याकडे, जिथे घरोघरी वृद्ध माणसे आहेत, रुजायला हवी.

वृद्धांवरून एक प्रसंग सांगते. एका घरात स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले आजोबा हॉलमधून आतल्या पॅसेजकडे जायलाच तयार नसत. दुपारी झोपायला चला म्हटले की दारापाशी येऊन थांबत, चौकट घट्ट धरत आणि मुलाने हात ओढला की ओरडत. सगळे त्याला हट्टीपणा म्हणत होते आणि रोज त्यावरून वाद होत होते. मी पाहिले तर फिकट, चकचकीत टाइल्सच्या मध्ये दारात काळ्या ग्रॅनाइटची सहा इंची पट्टी होती. या आजारात रंगाच्या तीव्र फरकामुळे जमीन किती खोल आहे याचा अंदाज चुकतो आणि काळा पट्टा खड्ड्यासारखा भासू शकतो, तर चकाकणारी फरशी ओली वाटू शकते. ती पट्टी काढून तिथे भोवतालच्या रंगाची, खरखरीत टाइल बसवली. शौचालयाचे दार मात्र मुद्दाम भिंतीहून वेगळ्या, ठळक रंगाचे केले, म्हणजे ते शोधावे लागू नये. आजोबा पॅसेजच्या दारातून ये-जा करू लागले आणि दुपारची भांडणे थांबली. आजार अर्थातच तसाच राहिला.

आवाजाकडे तर आपले लक्षच नसते. व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेची सरकती दारे, जिप्समचे छत आणि सनमायकाची कपाटे, असे सगळे गुळगुळीत आणि कठीण पृष्ठभाग एकत्र आले की खोलीत आवाज घुमत राहतो. मग दूरदर्शन संचाचा आवाज वाढवावा लागतो, त्यावरून बोलायचे म्हणजे प्रत्येकाला स्वर चढवावा लागतो, आणि चढ्या स्वराला चढ्या स्वरातच उत्तर मिळते. जाडसर सुती पडदे, सतरंजी, गादीची बैठक, पुस्तकांची उघडी मांडणी यांनी हा घुमारा बराच कमी होतो. जुन्या घरांतली भारतीय बैठक केवळ हौसेची नव्हती, ती आवाजही शोषून घेत असे.

आणि स्वयंपाकघर. घरातल्या बाईचे कित्येक तास जिथे उभ्याने जातात, त्या जागेला नकाशात बहुधा डक्टकडची, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीकडची, बाजू येते. ओट्यासमोर कोरी भिंत, पाठीमागे छताच्या मधोमध एक ट्यूब, म्हणजे स्वतःचीच सावली विळीवर पडते आणि कानाशी एक्झॉस्टची घरघर. अशा ठिकाणाहून बाहेर येणाऱ्या व्यक्तीकडून हसतमुख राहण्याची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. ओट्यासमोर खिडकी हवी आणि वरच्या कपाटाच्या तळाशी दिव्याची पट्टी हवी. खिडकीतून काय दिसते यालाही महत्त्व आहे. अमेरिकन संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती ते रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, असे कुणी म्हणेल. माझा अनुभव उलटा आहे. ज्याच्याकडे चार खोल्या आहेत तो एक कोंदट निघाली तर दुसरीत जाऊन बसतो. झोपडपट्टी पुनर्वसनातील ३०० चौरस फुटांच्या घरात तशी सोय नाही. मुंबईतील गोवंडी-मानखुर्दकडील पुनर्वसन वसाहतींचा २०१८ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा खेटून उभ्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नसल्याचे आणि तिथे क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले. जिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो तिथल्या माणसांच्या मनावर काय होत असेल, याची मोजदाद अशा पाहण्यांत फारशी होत नाही. मुंबईच्या जुन्या सरकारी बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून ५०० चौरस फुटांच्या घरांत जाणाऱ्या कुटुंबांचा आनंद खराच आहे आणि त्यांना तो लाभायलाच हवा होता. मात्र चाळीच्या गॅलरीत दुपारी शेजारणींबरोबर तांदूळ निवडत बसणाऱ्या बाईला बंद दाराच्या उंच इमारतीत तशी बसायची जागा कुठे आहे, हे रचनाकारांनी पाहिले पाहिजे. बाल्कनी हॉलमध्ये ओढून घेण्याआधी घरच्यांनीही हा विचार करावा.

माझी विनंती साधी आहे. विकासकाने नकाशे सादर केले की सोसायटीने एक सभा केवळ त्यांच्या वाचनासाठी घ्यावी. प्रत्येक घरात पलंग, ओटा आणि मुलांचे टेबल कुठे येईल, तिथे सकाळचे ऊन पोचेल की नाही, पश्चिमेची खिडकी एप्रिल-मेमध्ये खोली किती तापवेल, हे सभासदांनी वास्तुविशारदाला विचारावे आणि त्या सभेला घरातल्या स्त्रिया व ज्येष्ठ यांना आवर्जून बोलवावे. आपल्या दैनिकाच्या गृहविषयक पुरवणीतही दिमाखदार दिवाणखान्यांच्या छायाचित्रांबरोबर, साडेतीनशे-चारशे चौरस फुटांच्या प्रत्यक्ष घरांचे नकाशे आणि त्यांतल्या उजेड-वाऱ्याची चर्चा नियमित यावी. स्लॅब ओतल्यानंतर खिडकीची जागा बदलता येत नाही. त्यामुळे ज्या सोसायट्यांचे नकाशे अजून मंजुरीसाठी गेलेले नाहीत, त्यांच्यापर्यंत हे आताच पोचावे म्हणून आपण या पत्राला जागा द्यावी.

आपली नम्र,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)