साडेतीन वॅट

गावभाग, सांगली
रविवार

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर माझ्या नव्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल तू विचारलंस, "साडेतीन वॅटमध्ये काय ऐकू येणार रे?" आणि तेवढ्यात तुझं स्टेशन आलं, बोलणं अर्धवट राहिलं. या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता आलंही नसतं. आज घरची मंडळी नरसोबाच्या वाडीला गेलीत, संध्याकाळपर्यंत यायची नाहीत. म्हणून निवांत लिहायला बसलोय.

२०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, ते तू येऊन बघितलंच होतंस. माझे ते कपाटाएवढे स्पीकर, शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर, सगळं चिखलात. नानांच्या रेकॉर्डी तेवढ्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. पुढची दोन वर्षं मी मोबाईलवरच गाणं ऐकत होतो, आणि हळूहळू ऐकणं सुटतच चाललं होतं. मग मिरजेतल्या एका जुन्या रेडिओ मेकॅनिककडे जाणं झालं. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. त्यांच्या खोलीत लाकडी फळीवर उघडा मांडलेला एक अ‍ॅम्प्लिफायर होता, वर चार-पाच व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. त्यावर त्यांनी हिराबाई बडोदेकरांचं गाणं लावलं. बाई गायला लागायच्या आधी नुसता तंबोरा होता, तेवढ्यानंच मी खुर्चीतून पुढे सरकलो.

आपण कॉलेजात असताना मिरासाहेबांच्या उरुसाला दर्ग्यात जायचो, आठवतं? चिंचेच्या झाडाखाली अगदी पुढे जागा मिळाली की माईकच्या आधी तंबोरे कानावर यायचे. तार छेडून झाली तरी तिचा आवाज थांबायचा नाही, त्याच्या आतून दुसरा निघायचा, त्यातून तिसरा. त्या खोलीत तोच तंबोरा ऐकला. त्याच दिवशी ठरवलं, असा अ‍ॅम्प्लिफायर करून घ्यायचा.

आता हा चालतो कसा ते सांगतो. डाव्या-उजव्या प्रत्येक बाजूला शेवटी एकच व्हॉल्व्ह, २ए३ नावाचा ट्रायोड. आत तीनच अवयव. तापणारी तार, तिच्याभोवती जाळी, आणि बाहेर प्लेट. प्लेटला २५० व्होल्ट, त्यातून सतत ६० मिलिअँपिअर प्रवाह. गाणं चालू असो वा नसो, तेवढी वीज वाहतेच, म्हणजे १५ वॅट नुसते तापण्यात जातात आणि स्पीकरला मिळतात जास्तीत जास्त साडेतीन. हिशेबानं बघितलं तर हा उधळपट्टीचा कारभार आहे. पण त्यामुळे सुरांच्या लाटेचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा भाग एकाच व्हॉल्व्हमधून जातो. मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा अर्धी लाट एकानं उचलायची आणि अर्धी दुसऱ्यानं. या हातातून त्या हातात जाताना जो सांधा पडतो तो मोठ्या आवाजात लपतो. गायक हलक्या आवाजात, मिटल्या ओठांनी सूर लावतो तेव्हा मात्र तो कानाला लागतो. इथे सांधाच नाही.

हा व्हॉल्व्ह शुद्ध आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तो स्वतःचं काहीतरी सुरात मिसळतो, यंत्रावर मोजलं तर स्पष्ट दिसतं. तो मुख्यतः मिसळतो दुसरा हार्मोनिक, म्हणजे मध्य षड्जाबरोबर त्याचाच तार षड्ज, अगदी पुसट. आवाज कमी केला की तोही कमी होत जातो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना बघितलंय मी. कारागीर घोडीवर तारेखाली सुती दोरा घेतो आणि केसभर पुढे-मागे सरकवतो. एका जागी तार नुसती टणटण वाजते, आणि दोरा जरासा हलला की तीच तार उघडते, तिच्यातले वरचे सूर बाहेर येतात. जवारी ही तारेचीच आणि व्हॉल्व्ह परका, एवढा फरक मला कळतो. तरी वरच्या षड्जाशी आपल्या कानाचं जुनं नातं आहे, म्हणून हे मिसळणं खटकत नाही असं माझं मत.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर स्पीकरमध्ये आहे. माझे जुने स्पीकर ८६ डेसिबलचे होते. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर तेवढा आवाज. आताचे आठ इंची, कागदी कोनाचे, ९६ डेसिबलचे. दहा डेसिबलचा फरक म्हणजे तेवढाच आवाज काढायला दहावा हिस्सा वीज. जुन्या स्पीकरला दहा वॅट लागायचे तिथे यांना एक पुरतो. बारा बाय चौदाच्या खोलीत रात्री बसून गाणं ऐकायला एक वॅटही बहुतेक वेळा लागत नाही. ढोल-ताशा लावलास तर हा दमेल, हे आधीच सांगून ठेवतो. त्यासाठी तो नाहीच. एक गळा, एक पेटी, तबला, तंबोरे, एवढ्यासाठी आहे.

करताना त्रासही झाला. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर इथेच एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून भरून घेतला. त्यानं वेटोळी सुरेख भरली, पण इंग्रजी ई आणि आय अक्षरांच्या आकाराच्या लोखंडी पत्र्या नेहमीच्या सवयीनं एकाआड एक उलटसुलट बसवल्या. घरी आणून जोडला तर खर्जच नाही! डग्ग्यावर पुठ्ठा ठेवल्यासारखा आवाज. दोन रात्री मी सोल्डर तपासत बसलो. मग मिरजेच्या त्या आजोबांनी ट्रान्सफॉर्मर हातात घेऊन नुसता बाजूनं बघितला आणि म्हणाले, "यात फट कुठाय?" या जातीच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्लेटचा ६० मिलिअँपिअर प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून एकाच दिशेनं सतत वाहतो. त्यानं लोखंड आधीच चुंबकत्वानं भरून जातं, खर्जाला जागा उरत नाही. म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कागदाची बारीक फट ठेवायची. मी ते रिवाइंडिंगवाल्याला सांगायलाच हवं होतं. पत्र्या सोडवून पुन्हा रचल्या, मध्ये इन्सुलेशनचा कागद घातला, आणि डग्गा खोलीत आला.

शेवटचं काम होतं गुणगुण घालवायचं. २ए३ मध्ये तापणारी तारच इलेक्ट्रॉन सोडते, आणि ती मी साध्या अडीच व्होल्टच्या एसीवर तापवतो. त्यामुळे ती वीज स्पीकरमध्ये घुमते, आणि असे स्पीकर असले की ठळक ऐकू येते. त्यासाठी तारेच्या दोन टोकांमध्ये एक छोटा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रोध, लावतात. रात्री एक वाजता, पंखा बंद करून, स्पीकरला कान लावून मी एका हातानं स्क्रूड्रायव्हर फिरवत होतो. दुसरा हात पाठीमागे, कारण आत साडेतीनशे व्होल्टपर्यंत वीज असते. गुणगुण कमी होत गेली, एका जागी जवळजवळ नाहीशी झाली, आणि जरा पुढे गेलो की परत वाढायची. ती जागा सापडली तेव्हा पुलावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

आणि आता महत्त्वाचं. आरसीए या अमेरिकन कंपनीनं हा २ए३ व्हॉल्व्ह १९३३ साली काढला. (याच्याहून नावाजलेला ३००बी, वेस्टर्न इलेक्ट्रिकचा, १९३८ चा. तो आठेक वॅट देतो, पण महाग. माझे २ए३ रशियन आहेत.) १९३३ साली अब्दुल करीम खाँसाहेब हयात होते, मिरजेला राहत होते. ते गेले १९३७ मध्ये. त्यांच्या ज्या तबकड्या आपण ऐकत आलो त्यातल्या कितीतरी याच तीसच्या दशकातल्या. गाणं आणि व्हॉल्व्ह एका काळातले! नानांच्या एलपीवर त्यातल्या काही पुन्हा काढलेल्या आहेत. मागच्या आठवड्यात लावली. खरखर आहे तशीच आहे, पण ती स्पीकरपाशी राहते आणि खाँसाहेबांचा तो बारीक, टोकदार सूर तिच्यापासून सुटून खोलीच्या मध्यावर उभा राहतो. तीन मिनिटांत संपलं. मी सुई उचलायची विसरून बसून राहिलो.

तुझ्या दादांच्या ट्रंकेत मूळ ७८ च्या तबकड्या आहेत, तू एकदा म्हणाला होतास. त्या घेऊन ये. माझ्या टर्नटेबलला ७८ ची चाल आहे, आणि त्यांना एलपीहून जाड सुई लागते, ती मागवून ठेवलीय. शनिवारी सकाळी स्वारगेटहून निघ, म्हणजे दुपारी जेवायला इथे. तबकड्या पेटीत आडव्या रचू नकोस, उभ्या ठेव, प्रत्येकीत वर्तमानपत्र घाल, आणि पेटी मांडीवर घेऊन बस. लाखेच्या आहेत, एसटीच्या एका धक्क्यात जातील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
आबा