विकणारा मालक आहे का ते आम्ही बघत नाही म्हणे! महसूलमंत्र्यांना एका फ्लॅटवाल्याचं खुलं पत्र

मा. महसूलमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,

सविनय नमस्कार.

आपण कामात असाल म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलंय, जमेल की नाही माहीत नाही. मागच्या मंगळवारी दुपारी कोर्टाचा बेलिफ दारात आला आणि हातात समन्स देऊन गेला. वादी एक बाई, त्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही. दावा असा की मी राहतो त्या फ्लॅटमध्ये त्यांचा निम्मा हिस्सा आहे. प्रतिवादी क्रमांक एक त्यांचा भाऊ, ज्याच्याकडून मी फ्लॅट घेतला, दोन नंबरला मी, तीन नंबरला माझी बायको.

फ्लॅट मूळ त्यांच्या आईच्या नावावर. वडील आधीच गेलेले, आई २०१४ मध्ये वारल्या, सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून मुलाचं नाव होतं, सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर करून दिलं आणि २०२२ मध्ये त्यानं फ्लॅट आम्हाला विकला. आता जो तो मला शिकवतोय की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त वारसांच्या वतीनं सांभाळणारा, आईची मिळकत मुलगा-मुलीत सारखी, हा कायदा १९५६ पासून आहे, बहिणीनं हक्कसोड पत्र दिल्याशिवाय किंवा दस्तावर मान्यता देणार म्हणून सही केल्याशिवाय भाऊ एकटा अख्खा फ्लॅट विकूच शकत नव्हता. बाईंचं काही चुकत नाही. हे मी बायकोला बोलून दाखवलं तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

माझा प्रश्न तुमच्या खात्याला आहे. खरेदीच्या दिवशी रजिस्टर ऑफिसात सकाळी अकराचं टोकन होतं, सर्व्हर डाऊन, नंबर लागला चार वाजता. मी मीच आहे हे सांगायला दोन ओळखदार लागले, आधार लागलं, पॅन लागलं, फोटो काढला, बायकोचा अंगठा मशीन घेईना तर तिला पाच वेळा हात धुवून यायला लावलं. आणि विकणारा खरंच मालक आहे का हे सांगायला किती ओळखदार लागले? शून्य. दस्ताला जोडलेल्या जुन्या इंडेक्स टू वर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी गोषवाऱ्यावर, आईचं नाव, समोर खुर्चीत बसलेला मुलगा, मध्ये नोंदवलेला एकही कागद नाही. मालकीच्या साखळीतली ही तुटलेली कडी तिथे टेबलावर उघडी पडली होती साहेब, शिक्का तिच्यावरच मारला तुमच्या माणसानं.

परवा त्याच ऑफिसात गेलो. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, आम्ही फक्त दस्त नोंदवतो, मालकी बघणं आमचं काम नाही. मला वाटलं टोलवतोय. पण नाही, कायदाच तसा आहे म्हणे! नोंदणी कायदा १९०८ चा. म्हणजे माझ्या आजोबांच्या जन्माच्या आधी इंग्रजांनी ठरवलं की कागद जपून ठेवू, खराखोटा तुमचा तुम्ही बघा, आणि आपण ते आजपर्यंत पुढे चालवतोय.

बरं, नाही बघत तर मग पैसे कसले घेता? फ्लॅट ५२ लाखांचा. स्टॅम्प ड्युटी, एलबीटी (स्थानिक संस्था कर), मेट्रो सेस धरून पुण्यात ७ टक्के, म्हणजे ३ लाख ६४ हजार, वर नोंदणी फी ३० हजार. एकट्या बायकोच्या नावावर घेतला असता तर एक टक्का सुटला असता, पण तेव्हा एजंटला घाई होती. या खात्यातून तुम्हाला वर्षाला ५० हजार कोटींच्या वर मिळतात असं पेपरात वाचलंय, हजार-दोन हजार कोटी इकडेतिकडे झाले तर सोडून द्या, तुमच्यासाठी ते सुट्टे पैसे. भाजीवाला पण चार रुपये घेतो तर सडका टोमॅटो बदलून देतो हो.

तुम्ही म्हणाल वकील का नाही केला. केला होता ना! एजंटनेच दिला, म्हणाला आपल्याच घरचा माणूस आहे. कुणाच्या घरचा हे मी विचारलं नाही, ही माझी चूक, मान्य. व्यवहार झाला तरच ज्याला कमिशन, त्यानं आणलेला वकील व्यवहार मोडेल असं काही लिहील का? हे आज कळतंय. दोन दिवसांत रिपोर्ट आला, तीस वर्षांच्या जुन्या नोंदी तपासल्याचं, म्हणजे सर्चचं, चलन जोडलेलं, शेवटी ठसठशीत, 'टायटल क्लिअर अँड मार्केटेबल', म्हणजे मालकी निर्वेध, खुशाल घ्या. मंगळवारी रात्री तो पहिल्यांदा नीट वाचला तर तिसऱ्या पानावर भलत्याच सोसायटीचं नाव! दुसऱ्या कुणाच्या रिपोर्टवर माझा फ्लॅट चिकटवला होता. कुणाचा हक्क असेल तर कळवा अशी पेपरात जाहीर नोटीस देऊया का असं मी तेव्हा विचारलं होतं, तर एजंट म्हणाला रीसेलला कशाला उगाच खर्च. ती नोटीस दिली असती तर कदाचित त्या बाईंच्या नजरेस पडली असती.

चांगला वकील शोधायचा कसा ते तरी सांगा. वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. त्यामागे कारण असेल काही, पण मग ग्राहकाला सांगणार कोण, एजंटच ना. आणि चुकला तर? ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर सुप्रीम कोर्टाने मे २०२४ मध्ये सांगितलंय की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. मिक्सर बिघडला तर आयोग आहे, ५२ लाखांचं घर बिघडलं तर वकिलांच्याच बार कौन्सिलकडे अर्ज करा आणि वाट बघत बसा.

बँकेचा किस्सा तर याच्यावर कडी. लोनच्या वेळी बँकेने लीगल चार्जेस म्हणून माझ्या खात्यातून पैसे कापले, त्यांच्या पॅनलच्या वकिलाने रिपोर्ट दिला, तो मी मागितला तर म्हणाले तो बँकेच्या कामासाठी आहे, कस्टमरला देत नाही. पैसे माझे, घर माझं, रिपोर्ट त्यांचा. समन्स घेऊन गेलो तर मॅनेजर सहानुभूतीने म्हणाले, ईएमआय मात्र वेळेवर भरत राहा हं.

रेरामध्ये, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्यात, चांगली तरतूद आहे, टायटल खराब निघालं तर बिल्डरने भरपाई द्यायची आणि तिला मुदतीचं बंधन नाही, कलम १८. पण ती बिल्डरकडून घेणाऱ्याला. रीसेल घेणारा मध्यमवर्गीय माणूस त्या कायद्याच्या खिजगणतीत नाही. इंग्लंडमध्ये सरकारी रजिस्टरमध्ये चूक निघून कुणाचं नुकसान झालं तर सरकार भरपाई देतं. ज्यांनी आपल्याला हा १९०८ चा कायदा दिला तेच! स्वतःसाठी चांगला ठेवला, आपल्याला हा. आपल्याकडे जमिनीच्या नोंदी आधुनिक करायचा केंद्राचा कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला, कागद स्कॅन झाले, पोर्टलं आली, पण मालक कोण याची खात्री द्यायला अजून कुणी तयार नाही. मग दिवाणी कोर्टात जमीन-घरांचेच खटले तुंबणार, दुसरं काय होणार.

तुमच्या पोर्टलवर तक्रार टाकली होती. तीन दिवसांत उत्तर, 'सदर बाब दिवाणी न्यायालयाच्या अखत्यारीतील असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे'. निकाली! आईला अजून सांगितलेलं नाही, तिला बीपी आहे. घरासाठी तिनं पाटल्या मोडल्या होत्या. मुलगा विचारतो, आपण घर सोडणार का, तर मी म्हणतो अभ्यास कर.

मागणं फार मोठं नाहीये. नोंदणीच्या वेळी आधीच्या दस्तातलं नाव आणि विकणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर घेणाऱ्याला तिथल्या तिथे लेखी सांगा, मालकी ठरवू नका हवं तर, नुसतं सांगा. बँकेचा लीगल रिपोर्ट कर्जदाराला मिळालाच पाहिजे यासाठी केंद्राकडे भांडा. नॉमिनीचा कायदा २०१९ मध्ये बदललाय, नॉमिनी आता फक्त तात्पुरता सभासद, हे प्रत्येक रजिस्टर ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, तुमच्या फोटोच्या शेजारी लावलं तरी चालेल.

समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी म्हणणं द्यायचंय. नवीन वकील मीच शोधलाय, पहिल्याच भेटीत त्यानं विचारलं, बहीण होती हे तुम्हाला कुणीच विचारायला सांगितलं नाही? त्याला दस्ताची सर्टिफाईड कॉपी हवी आहे, ती तुमच्याच ऑफिसातून काढायची. कॉपीची फी आज भरली, टोकन उद्या अकराचं आहे.

आपला,
इंडेक्स टू वर नाव असलेला एक फ्लॅटवाला, पुणे