पीएचडीच्या गाईडकडे जागा आहे का ते फॉर्म भरायच्या आधी कळू द्या

संपादक साहेब, नमस्कार.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात सात वर्षं तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतोय. गेल्या वर्षी नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा निघाली, जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप नाही मिळाली पण असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी दोन्हीला पात्र झालो, घरी पेढे वाटले. मग कळलं की नोकरीसाठी हे सर्टिफिकेट कायमचं असलं तरी पीएचडीच्या ॲडमिशनला ते मार्क एकच वर्ष चालतात, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२४ ला तसं केलंय, मार्कांना ७० टक्के वेटेज आणि मुलाखतीला ३०.

म्हणून घाई केली. आमच्या गावातल्या विविध कार्यकारी सोसायटीचं पीककर्ज नक्की कुणाला मिळतं आणि जुनं-नवं करण्यात, म्हणजे नव्या कर्जातून जुनं फेडण्यात, किती जातं यावर सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिली, सचिवांकडे बसून दहा वर्षांची कर्जखाती हाताने उतरवून घेतली, फी भरली, पहाटेची एसटी पकडून मुलाखतीला गेलो. वीस मिनिटं चांगले प्रश्न विचारले, विषय आवडला म्हणाले, आणि शेवटी म्हणाले की शेती अर्थशास्त्राच्या गाईडकडे, म्हणजे पीएचडी करवून घेणाऱ्या सरांकडे, जागाच नाहीये. अहो, मग हे आधी सांगायचं ना!

जागा का नाही ते मला समजतं. नियमाने प्रोफेसरकडे एका वेळी ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ च विद्यार्थी, रिटायरमेंटला तीन वर्षांच्या आत आलेल्या सरांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही, आणि भरती रखडली की गेलेल्या सरांच्या जागी नवा गाईड येत नाही. पण गाईडची नावं आणि त्यांच्याकडे कोण विद्यार्थी आहेत ही यादी वेबसाईटवर टाकून दरवर्षी अपडेट करायची, हे पण यूजीसीच्या २०२२ च्या नियमातच आहे. मी बघितलेल्या यादीत रिटायर झालेल्या एका सरांचं नाव अजून होतं.

बाबासाहेब १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते, पगारातून पैसे साठवून, काही उसने घेऊन ते परत लंडनला गेले आणि १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला त्यांना डीएस्सी मिळाली. हे मी दरवर्षी वर्गात सांगतो आणि मनापासून सांगतो. यंदा तास संपल्यावर टीवायची एक मुलगी थांबली, ऊसतोड कामगाराच्या घरातली आहे, म्हणाली सर मला पण पीएचडी करायचीय, सुरुवात कुठून करू. मी तिला नेटचा सिलॅबस दिला, पुस्तकं सांगितली, पण गाईड कसा शोधायचा ते सांगता आलं नाही.

विद्यापीठांना एवढीच विनंती आहे की जाहिरातीसोबतच कुठल्या गाईडकडे कुठल्या विषयाच्या किती जागा रिकाम्या आहेत ते लिहा आणि मगच फी घ्या. माझ्या मार्कांचं वर्ष पुढच्या महिन्यात संपतंय, आता परत नेटचा फॉर्म भरतोय.

– तासिका तत्त्वावरचा एक प्राध्यापक, नगर जिल्हा