खोक्यावरची वैशिष्ट्ये एकत्र चालत नाहीत : नव्या मिररलेस कॅमेऱ्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
भारतातील मुख्य कार्यालय

विषय : नव्या मिररलेस कॅमेऱ्याच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबाबत व रकमेच्या परताव्याबाबत.

महोदय / महोदया,

दिवाळीच्या तोंडावर मी कुडाळच्या एका दुकानातून आपल्या कंपनीचा नवा एपीएस-सी सेन्सरचा (३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा त्यासोबत येणाऱ्या १६-५० मिमी किट लेन्ससह ₹९४,९९० ला घेतला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. माझा एकट्याचा छोटा स्टुडिओ आहे. साखरपुडा, लग्न, बारसे ही वर्षभराची कामे. थंडीत जत्रा सुरू झाल्या की दशावतारी नाटकांचे चित्रीकरण करतो, आणि हा कॅमेरा मुख्यतः त्यासाठीच घेतला.

कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्या सेवा केंद्राने तो तपासून तसे लेखी दिले आहे आणि ते मला मान्य आहे. माझी तक्रार अशी आहे की जाहिरातीत एकाखाली एक छापलेली वैशिष्ट्ये हा कॅमेरा एकाच वेळी देऊ शकत नाही, आणि पैसे मोजण्याआधी हे मला कुणीही, कुठेही, मला समजेल अशा भाषेत सांगितले नाही.

दुकानात मिळालेले आपले दिवाळीचे पत्रक मराठीत आहे. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : ४के ६०पी व्हिडिओ, २४ मिमी इतकी रुंद लेन्स, ५ अक्षांवर स्थिरीकरण, सलग चित्रीकरणाला वेळेची मर्यादा नाही. (६०पी म्हणजे सेकंदाला ६० चौकटी; लेन्सचा मिमी आकडा जितका लहान तितका समोरचा जास्त भाग चित्रात येतो; स्थिरीकरण म्हणजे हात हलला तरी चित्र न हलण्याची सोय.) शिवाय कॉम्बोमध्ये ६४ जीबीचे कार्ड मोफत. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक चांदणी आहे आणि पत्रकाच्या तळाशी, भिंग घेतल्याशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, इंग्रजीत दोन ओळी. त्याचा अर्थ एवढाच की काही वैशिष्ट्ये निवडलेल्या मोडनुसार बदलू शकतात. कोणती बदलतात आणि किती, ते तिथे नाही. खोक्यावरही नाही. ते आपल्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यायच्या इंग्रजी माहितीपुस्तिकेत, व्हिडिओच्या प्रकरणातल्या तळटीपांत सापडते.

आधी रुंदीचे सांगतो. १६ मिमीची लेन्स एपीएस-सी सेन्सरवर ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने २४ मिमीइतकी रुंद दिसते, हे खरे आहे. पण ४के ५०पी किंवा ६०पी निवडले की कॅमेरा सेन्सरच्या फक्त मधल्या भागावरून चित्र घेतो, आणि तीच लेन्स साधारण ३६ मिमीसारखी होते. त्यावर स्थिरीकरण चालू केले की चौकट आणखी आत येते, कारण या कॅमेऱ्यातले ५ अक्षांचे स्थिरीकरण सेन्सर हलवून होत नाही. चित्राच्या कडा कापून, उरलेला भाग मागेपुढे सरकवून ते साधलेले असते. म्हणूनच स्थिर फोटो काढताना त्याचा काडीचा उपयोग होत नाही. पत्रकावर मात्र या ओळीशेजारी फोटो काढणाऱ्या माणसाचे चित्र छापले आहे.

दशावताराचा रंगमंच कसा असतो हे आपल्या मुंबई-दिल्लीच्या कार्यालयात कदाचित माहीत नसेल, म्हणून लिहितो. देवळासमोर छोटा मंडप, मध्ये एक बाकडे, बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. लोक रंगमंचाला खेटून बसतात, मुले तर अगदी कडेशी. कॅमेरेवाल्याला दोन हात मागे सरकायलाही जागा नसते. तिथे २४ आणि ३६ यांतला फरक म्हणजे दोन राजे समोरासमोर उभे असताना दोघेही चौकटीत येणार की एकच, एवढा असतो. युद्धाच्या प्रसंगात दोघे गिरक्या घेत रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. ते सावकाश गतीत दाखवता यावे म्हणूनच मला जास्त चौकटींचे चित्रण हवे होते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूब आणि स्वस्त एलईडीच्या प्रकाशात पट्टे येऊ नयेत म्हणून मी ६०पीऐवजी ५०पी वापरतो. पण चित्र कापले जाणे आणि कॅमेरा तापणे दोन्हींत सारखेच आहे, तेव्हा त्याने काही सुटका होत नाही.

आता तापण्याबद्दल, आणि माझे खरे नुकसान इथेच झाले. मार्गशीर्षातल्या एका जत्रेत एका ज्येष्ठ दशावतारी कलावंताचे आख्यान पूर्ण चित्रित करायचे काम माझ्याकडे होते. रात्र थंड होती. कॅमेरा तिपाईवर, स्क्रीन बॉडीपासून दूर फिरवलेला, तापमानामुळे बंद होण्याची मर्यादा मेनूमध्ये ‘उच्च’ वर ठेवलेली. तरीही ऐन युद्धाच्या आधीच्या संवादात तापमानाचे चिन्ह आले आणि कॅमेरा बंद पडला. तो निवून पुन्हा सुरू होईपर्यंत प्रसंग संपला होता.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली असते, बोलणे त्या रात्री रंगमंचावर सुचते. समोरचा नट काय म्हणतो, लोक कुठे दाद देतात, त्यावर ते वळत जाते. दुसऱ्या जत्रेत तेच कलावंत तेच आख्यान करतील, पण ते संवाद तेच नसतील. लग्नात एखादा विधी हुकला तर नातेवाइकांच्या मोबाइलवर तरी सापडतो. इथे जे गेले ते गेले. कंपनीचे लोक मला बाजारभावाने भरपाई विचारतात, तेव्हा या गोष्टीची किंमत मी कशी सांगू?

आपल्या हेल्पलाइनवरची मुलगी नम्रपणे बोलली, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिला समोर दिलेलेच वाचावे लागत होते. तिचे उत्तर : कॅमेरा निर्धारित मर्यादेत काम करत आहे, चित्रीकरणाचा काळ वातावरणातील तापमानावर अवलंबून असतो. मग ती निर्धारित मर्यादा किती मिनिटांची, असे विचारल्यावर उत्तर मिळाले नाही. मला त्यामागचे कारण कळते. सेन्सरवरून सेकंदाला ५० चौकटी वाचायच्या, प्रोसेसरने त्या आकुंचित करायच्या आणि कार्डावर लिहायच्या, तर उष्णता होणारच. पंखा नसलेल्या छोट्या बॉडीत ती साठत जाणारच. याबद्दल अभियंत्यांना कुणी दोष देणार नाही. पण काही कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकेत अमुक तापमानाला अमुक मोड इतकी मिनिटे चालेल, असा तक्ता छापतात. आपण छापले काय, तर ‘वेळेची मर्यादा नाही’.

पूर्वीचे बरेच कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी व्हिडिओ थांबवत. युरोपातल्या आयात शुल्काच्या नियमांमुळे ती मर्यादा आली होती. आम्ही त्यावर कधी रडलो नाही, कारण ती छापलेली असायची. पंचविसाव्या मिनिटाला घड्याळ पाहायचे, गाणे सुरू झाले की थांबवून पुन्हा चालू करायचे. माहीत असलेल्या मर्यादेभोवती काम बेतता येते. केव्हा बंद पडेल हे ठाऊक नसलेला कॅमेरा घेऊन मी कुणाचे काम अंगावर घेऊ शकत नाही.

मोफत कार्डाचेही सांगणे भाग आहे. ४के ५०पीला आपला कॅमेरा सेकंदाला २०० मेगाबिट, म्हणजे २५ मेगाबाइट लिहितो. त्याला किमान व्ही३० दर्जाचे कार्ड लागते, जे सेकंदाला ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी देते. आपण दिलेले कार्ड यू१ दर्जाचे आहे आणि त्याची हमी १० मेगाबाइटची. ते घातले की कॅमेरा स्वतःच इशारा देतो आणि थोड्या वेळात चित्रीकरण थांबवतो. शिवाय या वेगाने तासाला सुमारे ९० जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीत पाऊण तासही मावत नाही. ज्या वैशिष्ट्यासाठी कॅमेरा विकला जातो तेच ज्या कार्डावर चालत नाही, ते कार्ड त्याच खोक्यात घालून त्याची किंमत ‘बचत’ म्हणून पत्रकावर दाखवणे हे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. चार्जर वेगळा घ्यावा लागला हे जाता जाता नोंदवतो. यूएसबी-सीने बॅटरी कॅमेऱ्यातच चार्ज करायची तर तेवढा वेळ कॅमेरा अडकून पडतो, आणि रात्रभराच्या कामात ते चालत नाही.

चांगले ते चांगले म्हणायला हवे. ४के २५पीला हा कॅमेरा सेन्सरची पूर्ण रुंदी वाचून चित्र लहान करतो आणि ते इतके रेखीव येते की राजाच्या मुकुटावरचा प्रत्येक मणी मोजता येतो. रंगवलेल्या चेहऱ्यावरही डोळ्यांचा ऑटोफोकस सुटत नाही. काळ्या वेशातल्या संकासुरावर तो चाचपडतो, पण त्या प्रकाशात कुणीही चाचपडेल. बॅटरीवर किती फोटो निघतील याचा आकडा आपण सीपाच्या (कॅमेरा कंपन्यांची जपानी संघटना) मानकाप्रमाणे दिला आहे आणि कोणत्या मानकाने मोजला हेही लिहिले आहे. माझ्या वापरात तो खरा ठरला. म्हणजे अटीसकट आकडा छापणे आपल्याला जमते.

पण २५पीचे हेच चित्र आपल्याच आधीच्या मॉडेलमध्येही मिळते. सेन्सर २४ मेगापिक्सेलचाच, लेन्स तीच, आणि त्याच दुकानात त्याच दिवशी त्याची किंमत ₹६८,९९० होती. वरचे ₹२६,००० मी ५०पी-६०पी आणि स्थिरीकरणासाठी दिले. ही दोन्ही वैशिष्ट्ये ज्या कामासाठी घेतली त्या कामात वापरता येत नाहीत. हातात कॅमेरा घेऊन पालखी आणि तरंगकाठ्यांबरोबर (देवांची प्रतीके असलेल्या उंच काठ्या) चालताना स्थिरीकरण लागते, तर गर्दीत रुंदी जाते. रुंदी ठेवली तर चित्र हलते. २६ हजार ही माझ्यासारख्याला एका अख्ख्या लग्नाची कमाई आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध त्यात तक्रार करता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतला खुलासा मूळ दाव्याच्या विरोधात जाता कामा नये, दाव्याच्याच भाषेत असावा आणि ठळकपणे दिसावा. आपले पत्रक मराठी आहे आणि खुलासा इंग्रजी, बारीक आणि तळाशी आहे. सेवा केंद्रातल्या एका गृहस्थांनी मला असेही सांगितले की तुम्ही व्यावसायिक वापर करता, म्हणून तुम्ही ग्राहक नाही. पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू कायद्याने व्यावसायिक हेतूत धरली जात नाही. माझ्याकडे नोकर नाहीत, कॅमेरा मी स्वतः चालवतो.

माझी मागणी अशी. लेन्स आणि कार्डासह कॅमेरा परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. ते शक्य नसेल तर दोन मॉडेलांमधील फरकाचे ₹२६,००० परत करावेत, मी हाच कॅमेरा २५पीवर वापरत राहीन. यासोबत, कोणत्या मोडमध्ये चौकट किती कापली जाते, स्थिरीकरणाने आणखी किती, आणि ३० व ३५ अंश सेल्सिअसला सलग किती मिनिटे चित्रीकरण होते, याचा तक्ता आपण खोक्यावर आणि मराठी पत्रकावर छापावा. ही मागणी मी पैशांइतकीच गंभीरपणे करत आहे. पुढच्या दिवाळीला माझ्यासारखाच कुणी मालवण-सावंतवाडीचा तरुण कर्ज काढून कॅमेरा घ्यायला दुकानात उभा असेल, तेव्हा तो तक्ता त्याच्या हातात असला पाहिजे.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. मी राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागण्याची सोय कायद्याने दिली आहे आणि या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही. उत्तर कृपया मराठीत आणि तांत्रिक विभागाच्या सहीने द्यावे.

कळावे,

आपला ग्राहक
(सही)
नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक बिलाच्या प्रतीवर

सोबत : बिलाची प्रत, दिवाळी पत्रक (दोन्ही बाजू), सेवा केंद्राचा तपासणी अहवाल, कॅमेऱ्यावरील तापमान व कार्डाच्या इशाऱ्यांची छायाचित्रे, एकाच जागेवरून २५पी व ५०पीमध्ये घेतलेले चित्रण (पेन ड्राइव्ह).