बन्नीच्या कुरणावरील एका हंगामाविषयी मित्रास पत्र

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे पत्र परवा पोचले. चि. कन्येने वनस्पतिशास्त्राची पदवी घेतल्यावर आमच्या तुकडीबरोबर बन्नीच्या कुरणावर एक हंगाम काम करण्याचे मनात आणले आहे, हे वाचून फार आनंद झाला. हे काम नेमके काय असते आणि त्यातून तिच्या हाती काय लागेल, असे तू विचारले आहेस. बाप म्हणून तुला हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

भुजच्या उत्तरेस, कच्छची मुख्य भूमी आणि मोठे रण यांच्यामध्ये सुमारे २,५०० चौरस किलोमीटरचा हा सपाट गवताळ प्रदेश पसरलेला आहे. १९५५ साली तो संरक्षित वन म्हणून जाहीर झाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मालधारी, म्हणजे तिकडचे पशुपालक, तेथे गुरे चारत आले आहेत, आणि आजही ते कुरण गावोगावचे सामाईकच आहे. पाऊस वर्षाला सरासरी तीनशे-साडेतीनशे मिलिमीटर एवढाच, आणि तोही बेभरवशाचा: एखाद्या वर्षी सखल भागात गुडघाभर पाणी महिनोन्महिने राहते, तर एखाद्या वर्षी जमीन नीट भिजतही नाही. त्यामुळे एकदाच येऊन पाहणारा माणूस, चांगल्या वर्षी आला तर कुरण समृद्ध आहे असे सांगतो, आणि दुष्काळात आला तर ते ओसाड आहे असे सांगतो. दोघेही डोळ्यांनी पाहिलेलेच सांगत असतात, तरीही कुरणाचे खरे काय चालले आहे ते दोघांनाही कळलेले नसते. आमच्या कामाचे सारे प्रयोजन येथे आहे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या ऋतूत, ठरलेल्या रीतीने पुन्हा पुन्हा जाऊन मोजावे लागते, तेव्हाच पावसाने घडवलेला बदल कोणता आणि जमिनीतच झालेला बदल कोणता, हे वेगळे करता येते.

आता रीत सांगतो. नेमलेल्या जागेच्या मध्यबिंदूपासून तीन दिशांना प्रत्येकी २५ मीटरची फीत ताणून धरतात. दर ५० सेंटीमीटरवर एक बारीक सळई सरळ खाली सोडायची आणि ती वरून खाली कशाकशाला लागली ते क्रमाने सांगायचे: आधी वरची पात, मग तिच्याखालचे दुसरे झुडूप, मग पाचोळा, आणि शेवटी उघडी माती, खडा किंवा गवताचे बुड. एक जण सांगतो, दुसरा पत्रकावर लिहितो. त्याच फितीवर झाडोऱ्यातील २० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या मोकळ्या जागाही मोजतात, कारण एकूण आच्छादन तेवढेच असूनही मोकळ्या जागा मोठ्या असतील तर वारा माती उचलून नेतो. या पद्धती अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, होर्नाडा येथील १९१२ पासून चालत आलेल्या कुरण-संशोधन केंद्रात नीट बसवल्या गेल्या, आणि साऱ्या अमेरिकेतील सुमारे २४.५ कोटी एकर सार्वजनिक जमिनीची देखभाल करणारे खाते त्याच वापरते. त्यासाठी तेथेही दर हंगामी तरुण मुलामुलींच्या तुकड्या निघतात. दोन्हीकडचा पहिला नियम एकच आहे: सळई जेथे पडेल तेथलेच लिहायचे. शेजारी सुंदर फुललेले गवत असले आणि सळई नेमकी उघड्या मातीवर टेकली, तर उघडी माती हीच नोंद. हा नियम ऐकायला सोपा वाटतो. दुपारच्या उन्हात तो पाळणे हे या कामातील सर्वांत मोठे शिक्षण आहे असे मी मानतो.

मातीचे काम मला स्वतःला अधिक प्रिय आहे. खड्डा खणून थराथराने माती हातात घ्यायची, ओली करून अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तिची पट्टी काढायची आणि पट्टी किती लांब टिकते त्यावरून चिकणमातीचे प्रमाण ओळखायचे. सौम्य आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का ते पाहायचे, म्हणजे चुना कळतो. त्यानंतर पृष्ठभागावरचे सहा ते आठ मिलिमीटरचे मातीचे खडे बारीक चाळण्यांत ठेवून शुद्ध पाण्यात बुडवतात. काही खडे पाच सेकंदांत विरघळून जातात, तर काही पाच मिनिटे तग धरतात आणि पाच वेळा वरखाली केल्यावरही शाबूत राहतात. त्याप्रमाणे १ ते ६ असे गुण द्यायचे असतात. जेथे गवताची मुळे आणि कुजलेला पाला आहे तेथील खडा टिकतो. जेथे सोडियम साचला आहे तेथे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटतात आणि खडा पाण्यात गढूळ होऊन जातो. बन्नीत गवताच्या बुडाशी आणि तेथून हातभर अंतरावर उघड्या जागी असा फरक दिसतो, की कुरण टिकते ते कशामुळे, हे पुस्तकातील दहा पानांपेक्षा त्या दोन चाळण्यांतून लवकर समजते. क्षारतेसाठी नमुने बडोद्याला आणून प्रयोगशाळेत तपासतो. संपृक्त अर्काची, म्हणजे पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची, विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसीमेन्सच्या वर गेली की माती खारी धरतात.

आमचे मुख्य मोजमाप पावसाळा सरता सरता असते, कारण गवताची जात खात्रीने ओळखायची तर त्याला तुरा आलेला हवा. अंजन गवत, ज्याला तिकडे धामण म्हणतात, आपल्याकडचे मारवेल, म्हणजे तिकडचा झिंझवो, खाऱ्या पट्ट्यातले लाणो नावाचे झुडूप, हे सारे तिला महिन्याभरात ओळखता येऊ लागेल. शंका असलेला नमुना दाबून वाळवून येथील विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहाशी ताडून पाहतो.

गांडो बावळ, म्हणजे आपली वेडी बाभूळ, या झाडाविषयी मात्र तिला आधीच सांगून ठेव, कारण बन्नीतील प्रत्येक बोलणे शेवटी त्याच्यापाशी येते. रणाची खार पुढे सरकू नये म्हणून १९६१ पासून वनखात्याने ते तेथे लावले. गुरे त्याच्या गोड शेंगा खातात, बी पचत नाही, शेणाबरोबर सगळीकडे पडते आणि रुजते. तोडले तर बुंध्यातून अनेक फांद्या फुटतात, म्हणून मुळासकट उपटावे लागते. गवताची जागा त्याने घेतली, शेंगांनी गाई आजारी पडू लागल्या आणि पुष्कळ मालधारी म्हशींकडे वळले. तरीही त्याच्या कोळशावर अनेक घरे चालतात, त्यामुळे सरसकट उपटा असे म्हणणे मला पटत नाही. कोणत्या जमिनीवरून ते काढल्यास चांगले गवत परत येते आणि कोठे फक्त लाणो येतो, हे आमच्या पत्रकांतून हळूहळू दिसू लागले आहे, आणि निर्णय गावांनी त्या आधारे घ्यावा असे मला वाटते.

मालधाऱ्यांकडून शिकण्यासारखे तर अपार आहे. बन्नीची म्हैस रात्री आपसूक चरायला जाते आणि पहाटे दूध द्यायला घरी येते. २०१० साली तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. त्यांचे विरडे तिने अवश्य पाहावेत. सखल जागी मुरलेले पावसाचे गोडे पाणी हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, हे जाणून ते उथळ खड्डे खणतात, आतून लाकडाची चौकट आणि गवत लावून ते सावरतात आणि वरवरचेच पाणी काढतात. कोणत्या जागी माती गोडी आहे हे ते आमच्या यंत्राआधी सांगतात, आणि ते सांगणेही पत्रकात नोंदवावे असा आमचा आग्रह असतो.

तुझ्या काळजीविषयी: तुकडीत आणखी मुली आहेत, मुक्काम गावातच असतो, आणि सीमेजवळच्या भागासाठी लागणारी परवानगी आम्ही आधी काढून ठेवतो. फुरसे तिकडे पुष्कळ आढळते, म्हणून घोट्याच्या वरपर्यंत येणारे जाड बूट हवेतच. गांडो बावळाचे काटे पातळ तळव्यातून आरपार जातात. ऊन कडक असते. मोबाईलला सगळीकडे रेंज मिळत नाही, तेव्हा दोन-तीन दिवस फोन आला नाही तर घाबरू नका. मानधन मोठे नाही, हेही स्पष्ट सांगतो.

एक हंगाम करून ती परतली तर तिला कुरणाची ओळख होईल. पुढच्या वर्षी त्याच जागी त्याच फिती पुन्हा ताणायला आली तर तिला कुरण वाचता येऊ लागेल. म्हणून शक्य असल्यास दोन वर्षांचा विचार करूनच तिने यावे, अशी माझी इच्छा आहे. होकार असेल तर नवरात्राच्या आठ दिवस आधी तिला बडोद्यास पाठव. दोन दिवस येथे घरी राहून सळई आणि चाळण्यांचा सराव होईल, आणि मग सर्वांबरोबर भुजच्या गाडीने जाता येईल. आरक्षण करायचे असल्याने उत्तर लवकर पाठवावे. सौ. वहिनींना नमस्कार, आणि चिरंजीव कन्येस अनेक आशीर्वाद.

तुझा बालमित्र