बंटीला, रविवारच्या फोननंतर

प्रिय बंटी,
सलाम.

रविवारी तू फोन आपटलास तेव्हा उपासना नुकतीच संपली होती आणि मी दानाची थैली घेऊन मोजायला बसलो होतो. तीनदा मोजले, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, शेवटी खजिनदारांनी थैली माझ्या हातातून काढून घेतली. मम्मीला मी काही सांगितलं नाही पण तिला कळलंच, तिनं पोह्यांत साखर जास्त घातली होती आणि मी गुपचूप खाल्ले, त्यावरून. म्हणून लिहितोय. फोनवर मला जमत नाही, तू मधेच बोलतोस मग मी ओरडतो. मोबाईलवर टाईप करतोय, काना-मात्रा सांभाळून घे.

तू म्हणालास, "पप्पा, तीस वर्षं लोकांना सांगत आलात की लग्न विश्वासातच करा, आता पूर्वा हिंदू असून लग्नाआधी स्वतः बाप्तिस्मा घेते म्हणतेय तर तुम्हालाच नको?"

बरोबर बोललास. उत्तर सुचलं नाही म्हणून आवाज चढवला. माफ कर.

मला नको असं नाही रे. उद्या ती मंडळीसमोर उभी राहिली तर मम्मीच्या आधी मी रडेन. मी फक्त एवढंच विचारलं की ती बाप्तिस्मा घेतेय तो कोणासाठी. तुझ्यासाठी, डिसेंबरच्या तारखेसाठी, की प्रभूसाठी. चर्चमध्ये लग्न लागावं म्हणून बाप्तिस्मा, म्हणजे हॉलच्या बुकिंगसाठी डिपॉझिट भरल्यासारखं झालं. मला ते सहन होत नाही. लग्न म्हणजे करार, पण आपल्या शास्त्रात जुना करार नवा करार म्हणतात तो करार, वर्षावर्षाला रिन्यू होणारा भाडेकरार नव्हे. आणि बाप्तिस्मा त्याहून मोठा. एका मोठ्या गोष्टीला दुसरीची पायरी करायची नाही, एवढंच माझं म्हणणं.

बघ, झालं सुरू लेक्चर. मम्मी पलीकडून म्हणतेय, सेशनची (चर्चच्या कारभारी मंडळाची) मिटिंग नाहीये ही.

पण कायद्याचं ऐकून घे, कारण ते तू हसण्यावारी नेलंस. आपल्या एमपीत १९६८ पासून धर्मांतराचा कायदा आहे. तेव्हा विधी झाल्यावर पाद्रीसाहेबांनी कलेक्टरला कळवायचं असायचं. त्यावरून केस सुप्रीम कोर्टात गेली, स्टॅनिस्लॉस नावाच्या फादरची, १९७७ ला निकाल आला की घटनेच्या कलम २५ मध्ये प्रचाराचा हक्क आहे पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नाही. मी तेव्हा शाळेत होतो, आमचे बाबा संध्याकाळी रेडिओ बंद करून बराच वेळ गप्प बसले होते एवढं आठवतं. आता २०२१ चा नवा कायदा. आधी ६० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्याला, म्हणजे कलेक्टरलाच, लिहून द्यायचं, ज्याला धर्म बदलायचाय त्यानं आणि जो विधी करणार त्यानंही. जबरदस्ती, प्रलोभन, फसवणूक यांच्या यादीत त्यांनी 'विवाह' हा शब्दही घातलाय. धर्म बदलणारी बाई असेल तर बदलायला लावणाऱ्याला शिक्षा दोन ते दहा वर्षं, दंड कमीत कमी ५० हजार. आणि जबरदस्ती नव्हती हे आपणच सिद्ध करायचं. तक्रार आई-बाप करू शकतात, भाऊ-बहीण करू शकतात, कोर्टाची परवानगी काढून रक्ताचे बाकी नातेवाईकही. पूर्वाचे बाबा देवमाणूस आहेत, तू सांगितलंस, मान्य. पण तिचा तो काका? साखरपुड्याच्या बोलण्यात जो उठून गेला तो?

जबलपूर हायकोर्टानं नोव्हेंबर २०२२ ला सांगितलंय की सज्ञान माणसं स्वतःच्या मर्जीनं लग्न करत असतील तर ६० दिवसांच्या त्या कलमाखाली केस करू नका. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, जानेवारी २०२३ ला तिथं स्टे मिळाला नाही. तुमच्या गुजरातच्या हायकोर्टानंही ऑगस्ट २०२१ ला तिकडच्या धर्मांतर कायद्याच्या दुरुस्तीतली काही कलमं थांबवली, जबरदस्ती नसलेल्या लग्नांपुरती. पण हे सगळे अंतरिम आदेश आहेत, शेवटचा निकाल नव्हे. रात्री अकरा वाजता चार पोरं पाद्रीसाहेबांच्या दारात आली तर त्यांना अंतरिम म्हणजे काय ते कोण समजावणार, तू?

आणि गंमत सांगतो, मला स्वतःला यात सगळ्यात जास्त कुठं लागतं. जो प्रश्न मी तुला विचारला, ती कोणासाठी घेतेय, तोच प्रश्न कलेक्टरला विचारायचाय. मला विचारायचा हक्क आहे, मी बाप आहे. पाद्रीसाहेबांना तर विचारलाच पाहिजे, वर्ग घेतले पाहिजेत, सहा महिने थांबवलं तरी चालेल. पण शिक्क्याच्या टेबलावर बसलेल्या माणसानं एखाद्या पोरीच्या अंतःकरणात काय आहे ते फॉर्मवर मागावं? मी पस्तीस वर्षं त्याच टेबलापलीकडे बसलोय. त्या टेबलावर काय दिसतं मला माहितीय, स्टॅम्पची रक्कम बरोबर आहे का तेवढं दिसतं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. मम्मीलाही अर्धीच माहितीय.

तू पाचवीत होतास, मी बाहेरच्या जिल्ह्यात होतो, शनिवारी एसटीने यायचो ते दिवस. स्पेशल मॅरेजच्या नोटिसा माझ्याकडे असायच्या. धर्म न बदलता लग्न करायचा १९५४ चा कायदा, दोघांनी नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, नोटीस-बुकात नोंद, ते बुक कोणीही फुकट बघू शकतो, आणि एक कॉपी ऑफिसात ठळक जागी लावायची. बोर्डावर लावायचं काम माझंच. एक जोडपं आलं, पोरगी नर्सिंग करत होती, पोरगा वीज मंडळात, धर्म वेगळे, कुठले ते जाऊ दे. पोरीने मला विचारलं, "साहेब, हे आतल्या बाजूला लावलं तर नाही चालणार?" मी म्हटलं, बेटा नियम आहे. चार पिना लावल्या, चारी कोपऱ्यांना, नीट. नवव्या की दहाव्या दिवशी एक माणूस बोर्डाचे फोटो काढत होता, तेव्हा मोबाईलमध्ये कॅमेरे नवीन आले होते, मला वाटलं वकिलाचा माणूस असेल. ३० दिवस झाले, ठरलेल्या तारखेला फक्त पोरगा आला. इस्त्री केलेला शर्ट, दोन मित्र साक्षीदार, आणि मिठाईचा डबा. संध्याकाळी पाचपर्यंत बसला बाकावर. नंतर कळलं की पोरीला भावांनी गावी नेलं, पुढं काही कळलं नाही. डबा बाकावरच राहिला. चपराश्यानं विचारलं साहेब वाटू का, मी काही बोललो नाही.

नियम मी केला नव्हता हे मला माहितीय. पण पिना मी लावल्या होत्या.

आता तू म्हणशील की मग पप्पा तुम्हाला नेमकं काय हवंय. बाप्तिस्मा आधी नको म्हणता आणि कोर्ट मॅरेजच्या नोटिशीला घाबरता. हो, दोन्हीला घाबरतो. मागच्या आठवड्यात मी आपला जुना कायदा काढून वाचला, १८७२ चा ख्रिश्चन मॅरेज ॲक्ट. त्यात दोघांपैकी एक जरी ख्रिस्ती असला तरी लग्न लावता येतं, कलम ४, बाप्तिस्म्याची अट कायद्याची नाही, मंडळीची आहे. (त्यात वेळही दिलीय, सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मध्येच लग्न लागलं पाहिजे. आपल्यात मुहूर्त नाही पण घड्याळ आहे.) तेव्हा पाद्रीसाहेबांशी मी बोलू शकतो, ते नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क, चर्चनं कोणाचं लग्न लावायचं ते चर्चनंच ठरवावं, सरकारनं नाही. नाताळात तू यावरूनच मला पकडलं होतंस, आठवतं? २०२३ च्या त्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर, समलिंगी लग्नाचा विषय संसदेवर सोडला तो. मी म्हटलं बरं झालं, लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई, शास्त्रात सुरुवातीपासून तेच आहे, आणि माझं मत आजही तेच आहे, बदलणार नाही. तू म्हणालास, "मग सरकारनं तुमच्या शास्त्राप्रमाणे चालावं पण तुमच्या सुनेच्या बाबतीत लांब राहावं, असं कसं?" मी ताटावरून उठलो. अजून त्याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मला वाटतं लग्न काय आहे ते देवानं सांगितलंय आणि मनात काय आहे ते देवच बघतो, सरकारनं दोन्हीकडे जपून पाय ठेवावा. पण हे मी नीट बोलू शकत नाही, तू इंजिनिअर आहेस, तुला लगेच भोक दिसतं.

आपल्या घरातलं सांगतो. आजोबांच्या वडिलांनी नगरला बाप्तिस्मा घेतला तेव्हा पणजी माहेरी निघून गेली होती, एवढं तुला माहितीय. परत आली ती हिंदूच म्हणून आली. एका घरात दोन चुली. तिची तुळस दारात, त्यांची प्रार्थना ओट्यावर, पाच-सहा वर्षं असं चाललं आणि पणजोबांनी एकदाही म्हटलं नाही की आता घे. ना. वा. टिळकांच्या घरीही तेच नव्हतं का, त्यांनी १८९५ ला घेतला, लक्ष्मीबाई काही वर्षांनी आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या भाषेत नवऱ्याची खेचत खेचत. करिंथकरांस पत्रातही पौल हेच म्हणतो ना, विश्वास न ठेवणारी बायको राहायला राजी असेल तर तिला सोडू नको. पण तोच पौल विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका असंही म्हणतो, आणि ती ओळ मी व्यासपीठावरून किती वेळा वाचली असेल. आता ती ओळ वाचताना तुझं तोंड दिसतं. मतलब काय करू मी.

पणजीनं शेवटी घेतला तेव्हा तिला कोणी विचारलं की एवढी वर्षं का थांबलीस, ती म्हणाली म्हणे, "भाकरी करपेपर्यंत घाई करायची नसते." आजी हे सांगून इतकी हसायची की तिचा चष्मा खाली यायचा. तुझं हसणं तिच्यावर गेलंय.

म्हणून म्हणतो, पूर्वाला थांबू दे. लग्न करा, मी अडवत नाहीये, तिला सून म्हणून मी कबूल केलंय, मम्मीने तर तिच्यासाठी महेश्वरी साडी घेऊन ठेवलीय, सांगू नको म्हणाली होती. बाप्तिस्मा नंतर. एक वर्षानी, दहा वर्षांनी, कधीच नाही घेतला तरी... हे वाक्य मला पूर्ण लिहिता येत नाहीये, पण तू समज.

आणि घेतलाच आधी, तर निदान इंदूरला नको आणि डिसेंबरात नको आणि फेसबुकवर फोटो नको. बघ, परत तिथंच आलो. ठरवलं होतं की कायद्याबद्दल एकदाच लिहीन.

तुझ्या जिवाची भीती वाटते रे, बाकी काही नाही. दहा वर्षं म्हणजे मी जिवंत असेन का. पाद्रीसाहेबांची पोरगी दहावीला आहे, त्यांनाही यात ओढायचं का. आणि पूर्वाचे आई-बाबा बडोद्याच्या दांडियाबाजारात तीन पिढ्यांपासून आहेत, त्यांना शेजारी काय म्हणतील हेही मला दिसतं, मी त्या लोकांवर रागावू शकत नाही. ते गणपतीत आपल्यासाठी वेगळं ताट काढून ठेवतात असं तू म्हणालास, मटण नाही म्हणून सॉरी म्हणाले, ते ऐकून मम्मी दिवसभर हसत होती.

रागानं बोललो की "आधी माझ्या मेल्यावर कर," ते मागे घेतो. असं बोलायला नको होतं. तुझा पगार वाढला ते तू मम्मीला सांगितलंस, मला नाही. मी सेशनमध्ये चार जणांना सांगितलं, खोटा आव आणून की तू मलाच आधी सांगितलंस.

शनिवारी दोघं या. तिला घेऊनच ये, तू एकटा आलास तर आपण परत भांडू. दाहोद-झाबुआवरून येणारी रात्रीची बस धरा, पुढच्या सीट घ्या, घाटात तुला मळमळतं. सरवटे स्टँडपर्यंत जाऊ नका, गंगवाल स्टँडला उतरा, मी पाच वाजल्यापासून तिथं असेन. पूर्वाला तिखट चालतं ना ते कळव, मम्मी विचारतेय, आणि तुळस लावायची झाली तर मागच्या अंगणात ऊन जास्त येतं की पुढच्या, हेही तीच विचारतेय. मी म्हटलं पुढच्या.

पप्पा