युद्धकाळात शाळेची पेटी कुलपात घालू नये

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या वाचकपत्रांत एका वाचकाने अशी सूचना केली आहे की, देशावर युद्धाचे सावट असताना माध्यमिक शाळांनी स्नेहसंमेलने, गायन-वादनाचे वर्ग आणि विद्यार्थी मंडळांचे उपक्रम परिस्थिती निवळेपर्यंत स्थगित ठेवावेत, कारण सीमेवर जवान धारातीर्थी पडत असताना शाळेत तबला-पेटी वाजणे शोभत नाही. पत्रलेखकांच्या भावनेविषयी मला आदरच आहे. मात्र चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत संगीत शिकवल्यामुळे, आणि त्याआधी अशाच एका स्थगितीची विद्यार्थिनी म्हणून झळ सोसल्यामुळे, या सूचनेशी मी सहमत होऊ शकत नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये मी गिरगावातील एका शाळेत दहावीला होते. त्या वेळी शालान्त परीक्षा अकरावीला असे, त्यामुळे दहावीचे गॅदरिंग हे आमचे शेवटचे गॅदरिंग होते. ३ तारखेला युद्ध सुरू झाले आणि मुंबईत ब्लॅकआउट आला. खिडक्यांच्या काचांवर कागद चिकटवले गेले, मोटारींचे दिवे काळ्या रंगाने अर्धे झाकले गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी तालमी बंद करून शाळेची पेटी स्टाफरूममधील कपाटात कुलूपबंद केली. शाळेच्या सभागृहात संध्याकाळी पाचशे माणसे जमवायची नाहीत, हा त्यांचा निर्णय बरोबरच होता आणि त्याबद्दल आजही माझी तक्रार नाही. परंतु दुपारी, शाळा भरलेली असताना, वीस मुलींनी वर्गात बसून गायचेही नाही, हे कोणत्या सुरक्षेसाठी होते, ते आम्हाला कोणी सांगितले नाही.

आमच्या गायनाच्या बाई आमच्याच चाळीत राहत. त्यांनी आम्हा सात-आठ जणींना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, अंधारात, तोंडी सरावाला बसवले. धोक्याचा भोंगा खालीवर हेलकावत वाजतो आणि धोका टळल्याचा भोंगा एकाच सुरात सलग वाजतो, हे आता किती जणांच्या लक्षात असेल, कोणास ठाऊक. तो सलग भोंगा वाजू लागला की बाई म्हणत, "हा धरा गं सा," आणि आम्ही त्या सुरात सूर मिळवून भोंगा थांबल्यावरही तो सोडत नसू. मला स्वराचे खरे भान त्या जिन्यात आले. १६ डिसेंबरला युद्ध संपले, तरी गॅदरिंग काही झाले नाही. पुढल्या वर्षी करू, असे सांगण्यात आले आणि पुढल्या वर्षी आम्ही अकरावीत, म्हणजे गॅदरिंगला मनाई असलेल्या वर्गात होतो. मोठ्यांच्या दृष्टीने स्थगिती म्हणजे थोडा उशीर. पंधरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ती कायमची असते, कारण शाळेतले ते वर्ष पुन्हा येत नाही.

माझी लेक कॅलिफोर्नियात असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेले असताना लॉस एंजलिसच्या उत्तरेला, सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी असलेले मांझानार हे ठिकाण पाहण्याचा योग आला आणि जिन्यातल्या त्या सरावाची आठवण तिथे तीव्रतेने झाली. जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केल्यानंतर, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी काढलेल्या आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून दहा छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील जवळपास दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकेचेच नागरिक होते. प्रत्येकाला हातात उचलून नेता येईल एवढेच सामान सोबत घेण्याची मुभा होती, तेव्हा घरातल्या पियानोचे काय झाले असेल, याची कल्पना करावी. मांझानार ही त्या दहांपैकी एक छावणी, आणि तिच्यात एका वेळी दहा हजारांहून अधिक माणसे लाकूड आणि डांबरी कागदाच्या बराकींत राहत होती. भोवती काटेरी तारा आणि पहाऱ्याचे मनोरे. वारा सुटला की वाळूचा असा लोट येतो की डोळे उघडे ठेवणे कठीण. मी तर शिरताच पदर तोंडावर घेतला.

या छावणीत १९४२ च्या शरदात हायस्कूल सुरू झाले, ते बाके नसलेल्या बराकींत. मुले जमिनीवर बसत. त्याच वर्षी ६ डिसेंबरला छावणीत दंगल झाली, लष्कराने गोळीबार केला आणि त्यात दोन तरुण मेले. त्यांतला एक अवघा सतरा वर्षांचा होता, म्हणजे हायस्कूलच्याच वयाचा. पत्रलेखकांच्या न्यायाने पाहिले तर गाणे बंद करायला याहून सबळ कारण कुठले असणार? पण त्या हायस्कुलात गायकवृंद चालला, नाट्यमंडळ चालले, विद्यार्थ्यांनी स्वतःचा वार्षिकांक काढला. लुई फ्रिझेल नावाचा एक तरुण शिक्षक बाहेरून येऊन संगीत शिकवत असे. तो मुलांना बसवता येतील अशी गाणी स्वतः रचत असे. त्याची विद्यार्थिनी मेरी कागेयामा हिला पुढे 'मांझानारची कोकिळा' हेच नाव पडले. छावणीतल्या तरुणांचा नृत्यसंगीत वाजवणारा 'जाइव्ह बॉम्बर्स' नावाचा वाद्यवृंदही होता. ज्या सरकारने बाँबच्या भीतीपायी त्यांना कोंडले, त्या सरकारच्या नाकासमोर मुलांनी आपल्या बँडच्या नावात बाँब घालावा, हा खोडकरपणा मला फार आवडला.

१९४४ मध्ये छावणीतल्याच लोकांनी शाळेसाठी मोठे सभागृह बांधले. बराकी गेल्या, मनोरे गेले, पण ते सभागृह आजही उभे आहे आणि तिथेच आता संग्रहालय आहे. आत छतापासून लोंबणाऱ्या एका उंच पडद्यावर छावणीतल्या दहा हजारांवर माणसांची नावे छापलेली आहेत. त्यासमोर उभी असताना मला वाटले की, या माणसांनी तुरुंगात राहून आधी सभागृह बांधले आणि आम्ही स्वतंत्र मुंबईत पेटी कपाटात घातली.

आता याच विषयाची दुसरी बाजू सांगितली नाही, तर माझे म्हणणे अर्धवट राहील. युद्धात शाळेची मंडळे बंद पडतात त्याहून अधिक वेळा ती कामाला जुंपली जातात. तारेबाहेरच्या अमेरिकेतलीच गोष्ट घ्या. १९४२ च्या मध्यास सरकारी आदेशाने बहुतेक वाद्यांचे उत्पादन थांबवण्यात आले, कारण पितळ आणि पोलाद लष्कराला हवे होते, आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोन बनवणारे कारखाने विमानांची उपकरणे बनवू लागले. पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण आल्याने शाळांच्या बँडचे दौरे आणि स्पर्धा थंडावल्या. दुसरीकडे सप्टेंबर १९४२ मध्ये हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी 'व्हिक्टरी कोअर' ही योजना सुरू झाली. तिच्या हवाई, भूदल, नौदल, उत्पादन आणि समाजसेवा अशा शाखा होत्या, आणि शाळेतल्या मंडळांचे काम बघता बघता युद्धकार्याच्या मापाने तोलले जाऊ लागले. जर्मनीत तर १९३६ च्या कायद्याने सर्व मुले हिटलर युथच्या छत्राखाली आणण्याची तरतूद झाली आणि १९३९ मध्ये सदस्यत्व सक्तीचे झाले. गाणे तिथेही भरपूर होते. तिथे गाणे न गाण्याची मुभा नव्हती, एवढाच काय तो फरक.

संगीतशिक्षिका म्हणून मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण जपानचे आहे. १९४१ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळांची 'राष्ट्रीय शाळा' अशी पुनर्रचना झाली, तेव्हा 'दो रे मी' ही परकी नावे काढून त्या जागी 'हा नि हो हे तो इ रो' ही जपानी अक्षरे आणण्यात आली. आपल्याला यात गैर ते काय, असे वाटेल, कारण आपले सा रे ग म आपलेच आहेत. पण पुढे ऐका. संगीताच्या तासाला मुलांना एकाच वेळी वाजणारे तीन स्वर कानाने ओळखण्याचा कसून सराव दिला जाई, आणि त्यामागे एक हेतू असा होता की, पुढे हेच कान शत्रूच्या विमानाचा आवाज ओळखण्यास उपयोगी पडावेत. आम्ही भोंग्यावर सा धरला आणि त्या मुलांकडून विमानावर स्वर धरून घेतला गेला. आमच्या बाईंनी भोंग्यातून गाणे काढले, त्यांच्या शासनाने गाण्यातून भोंगा काढला. कानाचा सराव तोच, पण तो कोणासाठी करायचा, हे मुलाच्या हाती राहिले नाही. म्हणून पत्रलेखकांनी शेवटच्या परिच्छेदात सुचवलेला पर्यायही, म्हणजे सगळी मंडळे स्थगित ठेवून फक्त समरगीतांची पथके चालू ठेवण्याचा, मला तितकाच अमान्य आहे. समरगीते मी स्वतः शेकडो मुलांकडून बसवून घेतली आहेत आणि ती आवडीने गाणारी मुले खुशाल गावोत, पण ज्या मुलीला यमन गायचा आहे, तिच्या देशप्रेमाविषयी कोणी शंका घेऊ नये.

आपल्या महाराष्ट्रातही याचे एक उदाहरण आहे आणि ते पाहायला कॅलिफोर्निया गाठावी लागत नाही. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून सायबेरिया आणि कझाकस्तानात हाकलून दिलेली ही माणसे, त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले, इराणमार्गे इथवर आली होती. मांझानार आणि वळिवडे यांची तुलना सरसकट करता येणार नाही, कारण एकीकडे स्वतःच्या नागरिकांना कोंडले होते आणि दुसरीकडे परक्यांना आसरा दिला होता. शाळेपुरते मात्र दोन्हीकडे साम्य दिसते. उपाशीपोटी मैलोन्‌मैल भटकून आलेल्या या लोकांनी वळिवड्याच्या कौलारू बराकींत प्राथमिक शाळांपासून हायस्कूलपर्यंत सगळे पोलिश भाषेत उभे केले, आणि त्यासोबत स्काउट पथके, समूहगान, लोकनृत्ये, नाटकेही. घर आणि देश दोन्ही हातचे गेलेल्या मुलांना आपली भाषा गाण्यातून आणि शेकोटीभोवतीच्या खेळातून टिकवता आली. तीच वसाहत पुढे फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांची झाली आणि आज आपण तिला गांधीनगर म्हणतो. तिथल्या कापडबाजारात जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, या गल्ल्यांत एकेकाळी पोलिश मुलांचा गायनाचा तास भरत असे?

पत्रलेखकांचा सुरक्षेचा मुद्दा मी नाकारत नाही. हवाई हल्ल्याची शक्यता असताना मैदानात मंडप घालून दोन हजार पालक जमवू नयेत, रात्रीचे कार्यक्रम करू नयेत, देणग्या जमवून रोषणाई करू नये, या सर्व गोष्टी मान्य. माझी शिक्षण विभागाला आपल्या पत्राद्वारे विनंती एवढीच आहे की, आपत्कालीन परिस्थितीत शाळांना पाठवायच्या परिपत्रकात 'सर्व सहशालेय उपक्रम पुढील आदेशापर्यंत स्थगित' हे सरधोपट वाक्य नसावे. जाहीर कार्यक्रम आणि शाळेच्या वेळेतला सराव यांत फरक केला जावा. गायन, वादन, नाट्य, विज्ञान मंडळ, हस्तलिखित या गोष्टी वर्गात चालू राहाव्यात, त्यांत भाग घेणे ऐच्छिक असावे आणि काय गायचे ते मुलांनी व त्यांच्या शिक्षकांनी ठरवावे. आणि जो वर्ग त्या वर्षी शाळा सोडणार आहे, त्याचा कार्यक्रम पुढल्या वर्षावर ढकलू नये. तो एखाद्या दुपारी, पालकांविना, पडद्याविना, शाळेच्या एखाद्या वर्गात झाला तरी चालेल.

आमची ती पेटी १९७२ च्या जूनमध्ये कपाटातून बाहेर निघाली, तेव्हा भात्याला उंदरांनी भोक पाडले होते आणि काळी दोनचा स्वर दाबला की नुसती हवा येत असे. दुरुस्तीला पैसे मंजूर व्हायला दिवाळी उजाडली. तोवर आम्ही अकरावीच्या जादा तासांना बसू लागलो होतो, आणि खालच्या मजल्यावरून आठवीच्या मुलींचा सराव ऐकू येई.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संगीतशिक्षिका, ठाणे